तंत्रक्षेत्रात स्त्रिया नेमक्या कुठल्या पायरीवर गळतात? आणि ती पायरी दुरुस्त कशी करायची?

तिरपी_रेघ (धागाकर्ती)

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या स्त्री-पुरुष विषमतेचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, 'मुलींनाच आवड नसते.' दुसरा, 'मानसिकता बदलायला हवी.' दोन्ही ऐकून झाल्यावर उद्या सकाळी ऑफिसात जाऊन नक्की काय करायचं हे मात्र कोणी सांगत नाही.

माझं मत आधीच मांडते, म्हणजे भांडायला सोपं. जिथे निकष ढोबळ आणि निर्णय तोंडी, तिथे विषमता शिरते. भल्या माणसांच्या हातूनही शिरते. २०१२ साली अमेरिकेत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला. निम्म्यांच्या प्रतीवर जॉन, निम्म्यांच्या प्रतीवर जेनिफर. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर देऊ केले, जेनिफरला २६,५०८. हा झुकाव स्त्री प्राध्यापकांतही पुरुषांइतकाच होता.

दुसरी गोष्ट. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात वर्षाला किती शोधनिबंध हे पाहिलं तर स्त्री-पुरुष जवळजवळ सारखेच निघाले. संपूर्ण कारकिर्दीत मात्र पुरुषांचे सरासरी १३.२ आणि स्त्रियांचे ९.६. फरकाचं मुख्य कारण म्हणजे स्त्रियांची कारकीर्दच आधी संपते. म्हणजे काम कमी होत नाही, माणूस निघून जातं.

तर प्रश्न असा: चाळीस-पन्नास जणांचा संशोधन-विकास विभाग धरा. भरती, बढती, पगार आणि श्रेय या चार ठिकाणी कोणते कागद, कोणते तक्ते, कोणता क्रम? जाणकारांनी लिहावं. महिला दिनाच्या शुभेच्छांसाठी वेगळा धागा काढावा, ही नम्र विनंती.

गप्पिष्ट

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. शंभरी नक्की.

कॅलिपर

भरतीपासून सुरुवात करतो. इथे क्रम चुकला की पुढचं सगळं दिखाऊ.

अर्ज उघडण्याआधी निकष लिहायचे आणि त्यांचं वजन ठरवायचं. समजा मोटर कंट्रोलरवर काम करणारा अभियंता हवा आहे. सर्किटमधला दोष शोधणं ३०, फर्मवेअर ३०, चाचणीचा आराखडा २०, लेखी मांडणी २०. सगळ्या परीक्षकांच्या सह्या, आणि मगच अर्ज. आधी का? २००५ मध्ये उल्मन आणि कोहेन यांनी पोलीसप्रमुखाच्या पदावर प्रयोग केला. एका उमेदवाराकडे शिक्षण, दुसऱ्याकडे रस्त्यावरचा अनुभव. पुरुष उमेदवाराकडे जे असेल तेच लोकांना या पदासाठी जास्त महत्त्वाचं वाटू लागलं. शिक्षण त्याच्याकडे असेल तर शिक्षण, अनुभव असेल तर अनुभव. निकष आधी ठरवून घेतल्यावर हा झुकाव गेला.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि १, ३, ५ म्हणजे काय ते आधीच लिहिलेलं. नमुना (ऑसिलोस्कोप म्हणजे विजेचा संकेत पडद्यावर दाखवणारं यंत्र, प्रोब म्हणजे त्याची मोजणीची सुई): 'ऑसिलोस्कोपवर चढत्या कडेला ही थरथर दिसते आहे, काय कराल?' १ गुण: थेट फिल्टर लावायला निघाला. ३ गुण: प्रोबच्या लांब ग्राउंड वायरमुळे असेल हे ओळखलं. ५ गुण: ती क्लिप काढून आखूड स्प्रिंग लावून पुन्हा मोजू, थरथर गेली तर सर्किट निर्दोष, असं सांगितलं. इतकं स्पष्ट असेल तर 'आत्मविश्वास कमी वाटला' या शेऱ्याला जागाच उरत नाही.

गुण प्रत्येकानं एकट्यानं भरायचे, मुलाखत संपल्या संपल्या, एकमेकांशी बोलण्याआधी. बिघडतं कुठे ते सांगतो. सगळ्यांत वरिष्ठ माणूस दारातून बाहेर पडता पडता 'जरा कच्ची वाटली' असं पुटपुटतो आणि उरलेल्यांच्या पेन्सिली खाली सरकतात. म्हणून वरिष्ठानं चर्चेत शेवटी बोलायचं. आणि 'आपल्या टीममध्ये मिसळेल का' हा रकाना छापील फॉर्मवरून खोडून टाका. त्याच्या नावाखाली काहीही खपतं.

दोन_पैसे

'कच्ची वाटली' ती बाई आणि 'शिकेल हळूहळू' तो बुवा. गुण दोघांचे तेच. :ड

वाटाड्या

कॅलिपर, जाहिरातीचा टप्पा राहिला. २०११ च्या एका अभ्यासात 'वर्चस्व', 'स्पर्धात्मक' छापाच्या पुरुषी शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्या. 'हे मला जमणार नाही' असं त्यांना वाटलं नव्हतं, 'इथे माझ्यासारखं कोणी नसेल' असं वाटलं होतं. अटींची यादीही कापा. १४ अटींपैकी ज्यांच्यावाचून पहिल्या तीन महिन्यांत काम अडेल तेवढ्याच 'आवश्यक' म्हणून ठेवा. बाकीच्या 'असल्यास उत्तम'मध्ये टाका किंवा सरळ उडवा.

आणि ते 'पुरुष ६० टक्के अटी बसल्या की अर्ज करतात, बायका १०० टक्के' वालं वाक्य कृपया कोणी टाकू नका. ते एका कंपनीच्या अंतर्गत अहवालातून उचललेलं आहे, अभ्यास म्हणून तपासता येईल असं त्यामागे काही नाही.

काकदृष्टी

धागाकर्तीने एकच बाजू मांडली आहे. २०१५ मध्ये विल्यम्स आणि सीसी यांनी ८७३ प्राध्यापकांवर केलेल्या प्रयोगात साहाय्यक प्राध्यापकाच्या पदासाठी तुल्यबळ उमेदवारांत स्त्रीला साधारण दोनास एक असे झुकते माप मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी सेवेत २०१७ मध्ये अर्जांवरची नावे झाकून पाहिली, तेव्हा आढळले की नाव दिसत असताना परीक्षक स्त्रियांनाच किंचित पुढे ढकलत होते. झाकल्यावर त्यांचा तोटाच झाला असता. मग दोष नक्की कुठे आहे? आणि ज्या देशांत समानता जास्त, तिथे तंत्रशाखांत मुली कमी, हेही २०१८ मध्ये छापून आलेले आहे. आवडीचा भाग अजिबातच नाही, असे म्हणता येईल का?

खडूफळा

काकदृष्टी, तुमचे पहिले दोन दाखले खरे आहेत आणि उपयोगीही. तिसऱ्याची मात्र लांबलचक दुरुस्ती त्याच नियतकालिकाला २०१९ मध्ये छापावी लागली. मूळ लेखातली टक्केवारी सरळ पदवीधरांची नव्हतीच, एक वेगळंच गुणोत्तर काढलं होतं. त्यामुळे ते जपून वापरा.

आवडीबद्दल. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांत स्त्रियांचं प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्के होतं. ते पुढे १८ टक्क्यांच्या आसपास घसरलं. पंचवीस-तीस वर्षांत कुणाचे गुणसूत्र बदलत नाहीत, प्रवेशाचे दरवाजे बदलतात. त्या काळात घरगुती संगणक आले, ते मुलांची खेळणी म्हणून विकले गेले, आणि कॉलेजातला पहिला अभ्यासक्रम हळूहळू 'आधीपासून प्रोग्रामिंग येतंच' असं धरून शिकवला जाऊ लागला. त्याआधीचं चित्र बघा. १९४६ मध्ये एनिॲक हा सुरुवातीचा संगणक लोकांपुढे आला तेव्हा त्याच्या प्रोग्रामर सहा स्त्रिया होत्या. प्रोग्रामिंग हे कारकुनी काम मानलं जात होतं तोवर कुणी आवडीनिवडीचा प्रश्न काढला नाही.

दोन ठिकाणचे उपाय तपशिलात सांगतो, कारण धागा त्यासाठीच आहे.

कार्नेगी मेलनमध्ये संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ मध्ये मुली ७ टक्के होत्या, २००० पर्यंत ४२ टक्के झाल्या. प्रवेशाच्या निकषांतून 'आधीचा प्रोग्रामिंगचा अनुभव' याचं वजन कमी केलं. अनुभव असलेले आणि नसलेले यांच्यासाठी सुरुवातीचे वेगळे मार्ग ठेवले. पदवीपर्यंत दोघांतला फरक टिकत नाही हे त्यांनी तपासलं होतं.

हार्वे मड कॉलेजात २००६ च्या सुमारास संगणक शाखेत मुली दहातली एक असत. काही वर्षांत ते प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात गेलं. पहिल्या कोर्समध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेऐवजी पायथन आणलं, रोजच्या वापरातले प्रश्न घेतले. वर्गाचे अनुभवाप्रमाणे गट केले. पहिल्याच वर्षी मुलींना मोठ्या परिषदेला नेलं आणि उन्हाळ्यात संशोधनाचं काम दिलं. गट पाडण्याचं कारण साधं आहे. वर्गात चार जण आधीपासून शिकून आलेले असतात आणि प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं ज्ञान दाखवतात. नवख्यांना वाटतं, आपणच ढ. गट केले की हा देखावा बंद.

गप्पिष्ट

'माझा प्रश्न नाही, एक छोटी टिप्पणी आहे' वाले ते. प्रत्येक परिषदेत भेटतात. अमर आहेत.

अर्धवट_गणिती

मोजणीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी. पन्नास जणांच्या विभागात टक्केवारी बघून निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे, दोन्ही बाजूंनी.

उदाहरण घ्या. बढतीस पात्र ३० पुरुष, त्यातले १२ बढले, म्हणजे ४० टक्के. पात्र १० स्त्रिया, त्यातल्या २, म्हणजे २० टक्के. निम्मं प्रमाण! बोंब ठोकावीशी वाटते. पण ४० जणांतून १४ नावं चिठ्ठ्या टाकून काढली असती तरी त्यात दोन किंवा त्याहून कमी स्त्रिया येण्याची शक्यता सुमारे २३ टक्के आहे. फिशरच्या चाचणीनं हाच आकडा येतो. म्हणजे एका वर्षाच्या आकड्यावरून 'भेदभाव आहे' सिद्ध होत नाही, आणि 'नाही' हेही सिद्ध होत नाही. व्यवस्थापन मात्र दुसरंच वाक्य ऐकतं.

तेच प्रमाण पाच वर्षांच्या बेरजेत टिकलं, १५० पैकी ६० आणि ५० पैकी १०, तर योगायोगाची शक्यता एक टक्क्याच्या आसपास येते. म्हणून पहिला नियम: पाच वर्षांची नोंद एकत्र करा.

पण थांबा. पाच वर्षांत तीच माणसं पुन्हा पुन्हा यादीत येतात, त्यामुळे ही बेरीज पूर्ण स्वतंत्र नाही. त्यापेक्षा चांगलं माप म्हणजे 'या श्रेणीत आल्यापासून बढतीपर्यंत किती महिने'. ज्यांना अजून मिळाली नाही किंवा जे सोडून गेले त्यांना यादीतून वगळायचं नाही, 'अजून नाही' म्हणून धरायचं. कॅप्लान-मायर वक्र (किती महिन्यांनंतर किती जण अजून बढतीविना आहेत हे दाखवणारा आलेख) काढा, आर या संख्याशास्त्राच्या भाषेत किंवा पायथनमध्ये चार ओळींचं काम आहे. नेहमीची चूक: फक्त बढती मिळालेल्यांची सरासरी काढतात. कंटाळून सोडून गेलेल्या बायका त्या सरासरीत नसतातच, म्हणून सगळं छान दिसतं.

लहान फरकही हसण्यावारी नेऊ नका. १९९६ च्या एका संगणकी प्रतिकृतीत आठ पायऱ्यांची संस्था घेतली आणि गुणांकनातल्या चढउतारातला फक्त १ टक्का भाग लिंगामुळे आहे असं धरलं. तळाशी निम्म्या-निम्म्यानं सुरुवात करून सर्वांत वरच्या पायरीवर स्त्रिया ३५ टक्के उरल्या.

काकदृष्टी

अर्धवट_गणिती यांचा प्रतिसाद आवडला. नावात 'अर्धवट' का आहे, कळले नाही.

अर्धवट_गणिती

उरलेलं अर्धं बायको सोडवते. :)

सोल्डर

श्रेयाबद्दल. २०२२ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात संशोधन गटांची वेतन-नोंद आणि प्रत्यक्ष छापलेली नावं ताडून पाहिली. गटातल्या स्त्रीचं नाव लेखावर येण्याची शक्यता पुरुषापेक्षा सुमारे १३ टक्के कमी, पेटंटवर सुमारे ५८ टक्के कमी. पेटंटमध्येच जास्त का? कारण लेखाच्या वेळी चर्चा तरी होते. पेटंटचा अर्ज वकील आणि गटप्रमुख दोघं बसून भरतात.

इथे नैतिकतेचं भाषण देण्याची गरज नाही, कायदाच पुरेसा आहे. शोधक कोण हे मर्जीवर ठरत नाही. पेटंटमधल्या दाव्यांपैकी (म्हणजे 'हे नवीन, हे आमचं' असं सांगणाऱ्या कलमांपैकी) एका जरी दाव्याच्या मूळ कल्पनेत ज्याचा वाटा आहे तो शोधक. दुसऱ्यानं सांगितलं तसं बनवून किंवा मोजून दिलं, तर नाही. साहेब आहेत म्हणूनही नाही. अमेरिकेसारख्या ठिकाणी शोधकांची नावं चुकवली आणि दुरुस्त केली नाहीत तर पेटंट रद्द होऊ शकतं. हे वाक्य व्यवस्थापनाला बरोबर ऐकू येतं.

पद्धत: एक तक्ता. उभ्या ओळीत दावा क्र. १, २, ३... आडव्यात गटातल्या सगळ्यांची नावं, तंत्रज्ञ आणि शिकाऊसुद्धा. प्रत्येक चौकोनात क, ब, किंवा रिकामं. क म्हणजे कल्पना, ब म्हणजे बनवणं-मोजणं. प्रत्येक 'क'समोर वहीचं पान आणि तारीख. तक्ता वकिलाकडे जाण्याआधी गटातल्या प्रत्येकाला दिसला पाहिजे आणि हरकत घ्यायला दोन आठवडे हवेत. दावे पेटंट कार्यालयाशी होणाऱ्या वाटाघाटीत बदलतात, काही गळतात. तेव्हा तक्ता पुन्हा भरायचा. ही पायरी जवळपास सगळे विसरतात.

लेखांसाठी १४ भूमिकांची 'क्रेडिट' वर्गवारी आहे: संकल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, विदा-व्यवस्था वगैरे. काम सुरू होताना भरा, छापायला जाताना नाही. शेवटी भरली की ज्याचा आवाज मोठा त्याला 'संकल्पना'.

वाटाड्या

+१. लिझ माइटनर आठवली. अणुविखंडनाचं भौतिकी स्पष्टीकरण ऑटो फ्रिशबरोबर तिनं दिलं, १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या ऑटो हानला. जोसलीन बेलनं १९६७ मध्ये पल्सार या ठोके देणाऱ्या ताऱ्याचा संकेत कागदाच्या पट्टीवर पकडला, १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला आणि मार्टिन राईलना. भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये २०२३ पर्यंत एकूण पाच स्त्रिया: क्युरी, गोपर्ट मायर, स्ट्रिकलंड, गेझ, लुईलिए. पहिल्या दोघींमध्ये साठ वर्षं!

दोन_पैसे

आणि दुसरी व तिसरीमध्ये पंचावन्न. प्रगती आहे.

नीलमोहर

मूल झाल्यानंतरच्या टप्प्यावर अजून कोणीच आलं नाही, आणि खरी गळती तिथे आहे. अमेरिकेतल्या २०१९ च्या अभ्यासात पहिल्या मुलानंतरच्या काही वर्षांत ४३ टक्के आयांनी विज्ञान-तंत्रक्षेत्रातली पूर्णवेळ नोकरी सोडली होती. बापांनी २३ टक्के. बापांचा आकडाही लहान नाही, याकडे लक्ष द्या. म्हणजे कामाची रचनाच मूल असलेल्या माणसासाठी केलेली नाही, फटका बायकांना दुप्पट बसतो इतकंच.

पण उपाय करताना डोळे उघडे ठेवा. 'मूल झालं की कायम नियुक्तीची (म्हणजे स्वतःला सिद्ध करून कायम होण्याची) मुदत एक वर्षानं वाढवा, स्त्री-पुरुष दोघांनाही' हे ऐकायला किती न्याय्य वाटतं! अमेरिकेतल्या वरच्या ५० अर्थशास्त्र विभागांत हेच तपासलं गेलं, निकाल २०१८ मध्ये आला. धोरणानंतर पहिल्याच ठिकाणी कायम होणाऱ्या पुरुषांचं प्रमाण वाढलं, स्त्रियांचं कमी झालं, दोन्हीकडे फरक वीस टक्के-बिंदूंच्या आसपास. पुरुषांनी वाढीव वर्षात जास्त निबंध वरच्या नियतकालिकांत लावले. बाळंतपण आणि अंगावरचं दूध यांतून जाणाऱ्या बाईला ते वर्ष तसं मिळालंच नाही. मापाची पट्टी मात्र सगळ्यांसाठी वर सरकली.

संशोधनाला निधी देणाऱ्या युरोपियन रिसर्च काउन्सिलचा नियम जास्त शहाणा आहे: अर्जाच्या पात्रतेची मुदत आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढते, बापाला प्रत्यक्ष घेतलेल्या रजेइतकी. कंपनीतल्या बढतीच्या फॉर्मसाठी त्याहून सोपं: 'एकूण किती प्रकल्प' ऐवजी 'प्रत्यक्ष कामावरच्या दर १२ महिन्यांमागे किती'. भागाकार समितीनं तोंडी करायचा नाही, फॉर्मवर आधीच छापून आलेला हवा. 'आम्ही रजा लक्षात घेऊ' म्हणणारी समिती ती कधीच लक्षात घेत नाही.

रजेवर जाताना: कोणता प्रकल्प कोणाकडे, परत आल्यावर कोणता परत मिळणार, हे लेखी. परत आल्यावर उरलेसुरले दुरुस्तीचे काम हातात पडतं आणि पुढच्या वर्षी 'नवीन काही केलं नाही' असा शेरा येतो. हे इतकं ठरलेलं आहे की त्याचा फॉर्म छापून ठेवायला हरकत नाही.

गप्पिष्ट

धागा भलताच गंभीर झालाय. जरा अवांतर: २०१९ च्या मार्चमध्ये दोन स्त्री अंतराळवीरांचा पहिला एकत्र स्पेसवॉक होता, तो बदलावा लागला. मध्यम मापाचा सूटचा वरचा भाग एकच तयार होता! शेवटी ऑक्टोबरात क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर बाहेर पडल्या. अंतराळात जाऊनही 'तुमच्या मापात संपलंय' ऐकावं लागतं.

सोल्डर

गप्पिष्ट, हे अवांतर नाही. प्रयोगशाळेत रोज हेच होतं, फक्त बातमी होत नाही. सैल हातमोजा यंत्राच्या फिरत्या चकमध्ये (वस्तू पकडणाऱ्या जबड्यात) अडकतो. मोठा मास्क गालापाशी हवा आत घेतो: मोजून केलेल्या फिट टेस्टमध्ये अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला निदान १०० आणि पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला ५०० फिट फॅक्टर (मास्कबाहेरचे कण आतल्यापेक्षा किती पट) लागतो, 'जरा घट्ट बांध' म्हणून तो येत नाही. ग्लोव्हबॉक्सचे (हात घालून आत काम करायच्या बंद पेटीचे) हातमोजे पेटीला जोडलेले असतात आणि बहुधा मोठ्यात मोठ्या हाताचे मागवलेले असतात. लहान हातानं एक मिलिमीटरचा स्क्रू त्यातून लावून बघा. मग शेरा: 'हातकाम सफाईदार नाही.' खरेदीच्या यादीत हातमोजा, मास्क, बूट, हार्नेस यांची किमान चार मापं सक्तीची करा, आणि ग्लोव्हबॉक्सखाली उंची बदलणारं स्टँड.

किरणोत्सर्गाच्या ठिकाणी: गरोदरपण जाहीर झाल्यावर उरलेल्या काळात गर्भाला साधारण १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा जाऊ नये, अशी आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग-संरक्षण आयोगाची शिफारस आहे. त्याचा अर्थ बाईला प्रयोगातून काढून टाका असा नाही. पोटाच्या उंचीवर वेगळा डोसिमीटर (मात्रा मोजणारं उपकरण), वाचन दरमहा, आणि स्रोत हाताळण्याचं काम दुसऱ्याकडे. विश्लेषण, आराखडा, लेखातलं नाव तिच्याकडेच. जाहीर करण्याची जागाही गोपनीय हवी, गटप्रमुखाच्या टेबलासमोर नाही.

वाटाड्या

नवकल्पनांचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. बायोमेडिकल पेटंटांच्या २०२१ च्या अभ्यासात सर्व-स्त्री गटांच्या शोधांत स्त्रियांच्या आरोग्याचा विषय असण्याची शक्यता सर्व-पुरुष गटांपेक्षा ३५ टक्के जास्त निघाली. कोण शोधतं यावर काय शोधलं जातं ते ठरतं. स्टार्टअपच्या निधीतही प्रश्नच वेगळे विचारले जातात. २०१८ च्या अभ्यासात गुंतवणूकदारांनी पुरुषांना दोन-तृतीयांश प्रश्न 'कुठवर वाढाल' या धर्तीचे विचारले आणि स्त्रियांना दोन-तृतीयांश 'बुडणार कसे नाही' या धर्तीचे. बचावाच्या प्रश्नाला बचावाचंच उत्तर दिलं की पैसे कमी. व्यवहारी युक्ती: 'ग्राहक सोडून गेले तर?' याचं उत्तर एका वाक्यात द्या आणि लगेच बाजाराच्या वाढीवर या. निधी देणाऱ्या समितीनं मात्र प्रश्नच आधी छापून घ्यावेत. कॅलिपरांचा पहिला नियम.

काकदृष्टी

ठीक. मग सरळ राखीव जागा का नकोत? आइंडहोवेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१९ मध्ये कायम अध्यापकांच्या जागा पहिले सहा महिने फक्त स्त्रियांसाठी उघडल्या होत्या.

कॅलिपर

आणि २०२० मध्ये तिथल्या मानवाधिकार संस्थेनं तो अतिव्यापक, म्हणून भेदभाव ठरवला. मग योजना आवळून पुन्हा आणावी लागली. म्हणून राखीव जागा वाईट असं मी म्हणणार नाही. कुठल्या विभागात, किती टक्क्यांपर्यंत आणि किती काळ हे लिहिलेलं नसेल तर ती पहिल्याच तक्रारीत पडते, एवढंच.

तुमच्या आधीच्या ऑस्ट्रेलियाच्या दाखल्याकडे येतो. नाव झाकणं हा रामबाण नाही, मान्य. हबल दुर्बिणीच्या वेळवाटपात २०१८ मध्ये दोन्ही बाजूंची, अर्जदारांची आणि परीक्षकांची, नावं झाकली. स्त्रियांच्या प्रस्तावांना ८.७ टक्के यश आलं, पुरुषांच्या ८.०. त्याआधी वर्षानुवर्षं उलटं होतं. मग ऑस्ट्रेलियात उलटा परिणाम का? कारण तिथले परीक्षक आधीच जाणीवपूर्वक स्त्रियांना पुढे आणत होते. म्हणजे आधी मोजा, झुकाव कुठे आहे ते बघा, मगच झाका. आणि झाकायचंच तर संपूर्ण. हबलला नुसतं नाव काढून भागलं नाही, 'आमच्या मागील निरीक्षणात' अशी वाक्यंही बदलून घ्यावी लागली. चर्चेच्या वेळी एक तटस्थ माणूस बसवला, 'हा कोणाचा प्रस्ताव असेल' हे सुरू झालं की थांबवायला.

कॅनडाचा २०१९ चा दाखला तर अगदी बोलका आहे. आरोग्य-संशोधनाच्या अर्जांत विज्ञानाचं परीक्षण करायला सांगितलं तेव्हा स्त्री-पुरुष फरक ०.९ टक्के-बिंदू. संशोधकाचं परीक्षण करायला सांगितलं तेव्हा ४.०. त्याच देशात, त्याच संस्थेत. 'कामाला गुण द्या' आणि 'माणसाला गुण द्या' यात एवढा फरक.

खडूफळा

अर्ज चाळायला सॉफ्टवेअर लावणाऱ्यांसाठी इशारा. ॲमेझॉननं असं एक साधन बनवलं होतं आणि सोडून दिलं, हे २०१८ मध्ये बाहेर आलं. दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकवलेलं असल्यामुळे 'विमेन्स' हा शब्द दिसला की ते गुण कापत होतं. लिंगाचा रकाना काढून उपयोग नाही. रजेची फट, कॉलेजचं नाव, खेळाचा संघ, यांतून ते ओळखतंच. साधी तपासणी: २०० पुरुषांतून ५० निवडले, २५ टक्के. ८० स्त्रियांतून १२, म्हणजे १५ टक्के. १५ भागिले २५, उत्तर ०.६. अमेरिकेतल्या चार-पंचमांश नियमाप्रमाणे ०.८ च्या खाली गेलं की कारण शोधायला लागायचं.

नीलमोहर

आणि मीटिंगची टिपणं, वाढदिवसाचा केक, नवीन माणसाला सगळं दाखवणं? प्रयोगांत दिसलं आहे की बढतीला उपयोग नसलेल्या कामासाठी मिश्र गटात 'कोण करेल?' विचारलं की स्त्रिया सुमारे ४८ टक्के जास्त पुढे येतात. नुसत्या स्त्रियांच्या गटात आणि नुसत्या पुरुषांच्या गटात मात्र काम सारखंच उचललं जातं. म्हणजे हौस वगैरे काही नाही, ती करेल अशी सगळ्यांची खात्री असते. स्वयंसेवक मागू नका. आडनावाच्या आद्याक्षरानं पाळी लावा, टिपणांची सुद्धा.

दोन_पैसे

आमचे ज्ञानेश्वर 'ज्ञ' आहेत, आडनावही 'ज्ञ'. पाळी येईपर्यंत निवृत्त होतील.

तिरपी_रेघ

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नातलं एक अजून उरलं: पगार. आइसलँडनं २०१८ मध्ये २५ किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना समान वेतनाचं प्रमाणपत्र सक्तीचं करणारा कायदा लागू केला. पन्नास जणांच्या विभागात असं काही करायचं तर कसं? आणि स्त्रिया तीनच असल्या तर तक्ता दाखवला की कुणाचा पगार किती ते उघडच होणार.

अर्धवट_गणिती

दोन समीकरणं लावा, म्हणजे पगारातला फरक कशामुळे किती ते दिसेल. एकात पगाराचा लॉगरिदम, अनुभवाची वर्षं आणि लिंग. दुसऱ्यात हेच अधिक श्रेणी. नेहमी फक्त दुसरं दाखवतात आणि 'फरक १ टक्का' म्हणून सुटतात. पण बढतीतच झुकाव असेल तर श्रेणी धरल्यावर तो झाकला जातो. पहिल्यात १२ टक्के आणि दुसऱ्यात १ टक्का आला, तर पगाराचा फॉर्म ठीक आहे, बढतीचा फॉर्म उघडा.

नवीन माणसाला 'आधी किती मिळत होतं' विचारणं बंद करा. आधीच्या ठिकाणचा झुकाव तुम्ही पगारात उतरवून घेता. श्रेणीप्रमाणे किमान-कमाल आधी छापा.

गोपनीयतेसाठी: ज्या चौकोनात पाचपेक्षा कमी माणसं ती संख्या दाखवायची नाही, शेजारच्या दोन श्रेण्या एकत्र करायच्या. तरीही उघड होत असेल तर तक्ता विभागाबाहेरच्या एका माणसाकडे, आणि विभागाला फक्त 'तपासणी लागते / लागत नाही'. पैशाबरोबर जागाही मोजा. एमआयटीच्या विज्ञान शाखेत नॅन्सी हॉपकिन्स यांनी मोजपट्टी घेऊन प्रयोगशाळा मोजल्या होत्या, १९९९ च्या अहवालामागे ते चौरस फूट होते.

तिरपी_रेघ

मग पहिल्या वर्षाच्या तक्त्याचे रकाने असे ठेवते: क्रमांक (नाव नाही), लिंग, श्रेणी, श्रेणीत आल्याचा महिना, बढतीचा महिना किंवा 'अजून नाही' किंवा 'सोडून गेले', प्रत्यक्ष कामाचे महिने, पगार, पेटंट-तक्त्यातले 'क', वाट्याला आलेली टिपणं, प्रयोगशाळेत मिळालेल्या बाकाची लांबी मीटरमध्ये. काही राहिलं?

सोल्डर

उपकरणाच्या वेळेची नोंद. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे सकाळचे तास कोणाला आणि रात्री अकराचे कोणाला, बुकिंगच्या वहीतून पाच मिनिटांत निघतं.